चार बोटं वजा

बोट वाळूवर बसली तेव्हा काठीवाल्यांना मनापासून बरं वाटलं.

खालून खर्रर्र आवाज आला, इंजिनाने दोनदा खोकून मान टाकली, आणि मुख्य कचेरीतून आलेल्या इंजिनियर बाई समोरच्या फळीवर आपटता आपटता राहिल्या. त्यांच्या मांडीवरच्या पेटीला मात्र यातलं काहीच कळलं नव्हतं. तिच्या पडद्यावर निळा रुंद पट्टा होता, पट्ट्याच्या बरोबर मधोमध लाल ठिपका होता आणि तो ठिपका म्हणजे ही बोट. पडद्याच्या मते तिघंही भर पाण्यात होते.

"गेल्या महिन्याच्या नकाशात इथे सहा फूट पाणी आहे," बाई म्हणाल्या.

"असेल की. गेल्या महिन्यात मीही जरा बरा दिसत होतो," काठीवाले म्हणाले आणि पाय लांब करून बसले.

बोटवाल्याने तोंड फिरवलं आणि उगाच इंजिनाची झाकणं उघडून पाहायला लागला.

"काका, वाळू इकडे सरकलीय हे तुम्हाला दिसलं होतं?"

"पाण्याला सुरकुती पडली होती. न दिसायला काय झालं?"

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

हे त्यांचं आवडतं उत्तर. गेली पंधरा वर्षं ते घासूनपुसून वापरत होते आणि त्याची धार अजून गेली नव्हती.

काठीवाले नदीमोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं होते आणि नऊ दिवसांनी निवृत्त होणार होते. एवढ्या काळात त्यांनी एकच काम केलं. बोटीच्या टोकाला उभं राहायचं, बारा फुटी काठी पाण्यात खुपसायची, ती कुठवर भिजली ते बघायचं आणि आकडा ओरडायचा. काठीवर फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे आणि प्रत्येक फुटात सोळा बोटांच्या खुणा. सगळी कचेरी कधीच मीटरवर गेली होती, काठी तेवढी बोटांवर राहिली, कारण मीटरच्या काठीची फाईल कुणाच्या तरी टेबलावर चहाचा पेला ठेवायच्या कामी येत होती.

नदीबद्दल त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. लोक पुलावर उभे राहून तिचे फोटो काढत, सूर्यास्त वगैरे बघत, तेव्हा त्यांना त्या लोकांची कीव येई. हिला एक वाट धड सांभाळता येत नाही. आज या काठाला गाल लावून झोपेल, उद्या त्या काठाला. काल जिथून बोट गेली तिथे सकाळी वाळूचं बेट, आणि ही कानावर हात ठेवून मोकळी. ते म्हणत, ही नदी नव्हे, हा वाळूचा मोर्चा आहे, पाणी नुसतं गर्दीत सापडलंय.

साहेब लोकांबद्दलचं मत त्याहून वाईट. एकतीस वर्षांत अकरा साहेब आले. प्रत्येकाचे गुडघ्यापर्यंतचे बूट नवे कोरे आणि प्रत्येकाचा पहिल्याच आठवड्यातला प्रश्न ठरलेला, "ही नदी वाहतुकीला लायक आहे का?" कुठल्या महिन्यात, केवढ्या बोटीला, कुठल्या वळणापर्यंत, हे कोण विचारतो? अहवालात एक चौकट असे, तिच्यात 'होय' किंवा 'नाही' लिहायचं असे. नदी बिचारी चौकटीत मावणारी नव्हती, साहेब मावत.

ही बाई बारावी. बूट हिचेही नवे होते, पण ती आता ते काढून, विजार दुमडून पाण्यात उतरली होती. हे मात्र अकरा जणांपैकी कुणी केलं नव्हतं. काठीवाल्यांनी तेवढ्यापुरती भुवई वर केली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

बोटवाला आणि बाई मिळून बोट ढकलायला लागले. काठीवाल्यांनी टोकाला उभं राहून काठी रोवली आणि अंग टाकलं. तीन धक्क्यांत बोट निघाली, उडालेल्या पाण्याने त्यांची विजार भिजली.

"डावीकडे घे," ते म्हणाले. "त्या पांढऱ्या पक्ष्याकडे. त्याच्या पायाशी घोटाभर पाणी आहे, म्हणजे त्याच्या अलीकडे खळगा असणार. पक्ष्याला पेटी लागत नाही."

बाई ओल्या पायांनी वर चढल्या, हसल्या आणि पेटी बंद करून त्यांनी पिशवीतून जुनी जाड फाईल काढली.

"काका, आता विचारतेच. वरच्या गावची लाँच पुन्हा सुरू करता येईल का, एवढंच मला ठरवायचंय. त्यासाठी तीस वर्षांचे आकडे काढले. सगळ्यांत उथळ जागी भर उन्हाळ्यात चार फूट पाणी हवं. बरोबर?"

"हो."

"बारा वर्षांपूर्वी ते तीन बोटं कमी भरलं, म्हणून लाँच बंद झाली."

ही गोष्ट सांगायला यांना मुख्य कचेरीतून यायची गरज नव्हती. गावातल्या शेंबड्या पोरालाही 'तीन बोटं' ठाऊक होती. कारण ज्या लाँचला तीन बोटं कमी पडली, त्या लाँचच्या तिकिटाच्या खिडकीत काठीवाल्यांची बायको बसायची. अकरा वर्षं बसली होती. लोक नवऱ्याकडे येऊन म्हणाले होते, "अहो, जरा सैल हाताने मोजा की." काठीवाल्यांनी सैल हाताने मोजलं नाही. आणि मग जिथे चार माणसं जमतील तिथे, लग्नाच्या पंगतीत, दाढीच्या दुकानात, ते सांगत आले, "बायकोची नोकरी गेली, पण मी आकडा हलवला नाही." त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं. तेवढ्यावर ते बारा वर्षं ताठ मानेने हिंडले होते.

"पण यात एक गंमत आहे," बाई फाईलची पानं उलटत म्हणाल्या. "वाळूचं सोडा, वाळू काय, रोज नाचते. पण तुमच्या मोजणीत सात जागा अशा आहेत की तिथे तळाला खडक आहे. पुलाखाली, गोदामापाशी, वळणावर. त्या उन्हाळ्यात तो खडकसुद्धा साडेसात सेंटिमीटर वर आला. सातही जागी, अगदी सारखा. पाच वर्षं वर राहिला आणि मग पुन्हा खाली जाऊन बसला. आता मला सांगा काका, खडक श्वास घेतो का?"

बोटवाला हसला. काठीवाले हसले नाहीत.

"साडेसात म्हणजे बोटं किती?"

"चार."

त्यांनी काठी आडवी ठेवली आणि ओला हात विजारीला पुसला.

"मला वाटतं, मोजण्यातच काही चूक आहे," बाई म्हणाल्या. "कारण कळलं नाही तर मला 'काठी धरणाऱ्याची चूक' असं लिहून ती पाच वर्षं बाद करावी लागतील. तुमचं नाव घालणार नाही. पण काठी धरणारे तुम्ही एकटेच होतात, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. अहवाल उद्या दुपारी जातो. काही आठवलं तर दोन ओळी लिहून द्या."

"आणि ती चार बोटं परत टाकली तर पाणी किती होतं?"

"चार फूट आणि दोन सेंटिमीटर. म्हणजे एक बोट वर. अगदी थोडंसं, पण वरच. पाचही वर्षं."

पांढरा पक्षी उडाला. तिथे खरोखरच खळगा होता. बोट अलगद खोल पाण्यात गेली आणि या गोष्टीचं कौतुक काठीवाल्यांना स्वतःलाही वाटलं नाही.

*

चार बोटं कुठून आली ते त्यांना बोटीतच कळलं होतं.

काठीच्या टोकाला लोखंडी टोपी असे, बरोबर चार बोटं उंचीची, वाळूत लाकूड झिजू नये म्हणून. खुणा टोपीच्या तळापासून मोजलेल्या. बारा वर्षांपूर्वी मोजणीच्या पहिल्याच सकाळी ती टोपी वाळूत रुतली, आणि काठी वर आली ती उघड्या टोकाने. काठी चार बोटं आखूड झाली म्हणजे पाणी चार बोटं जास्त दिसणार, हे काठीवाल्यांना क्षणात समजलं. पण सरकारी टोपी हरवली म्हणून खुलासा द्या, पंचनामा करा, नव्या टोपीसाठी अर्ज करा, यात सगळा उन्हाळा गेला असता. त्यापेक्षा सोपं होतं ते त्यांनी केलं. मनातल्या मनात चार बोटं वजा करून आकडा ओरडायला लागले. पाच वर्षांनी नवी काठी मिळेपर्यंत एकही आकडा त्यांनी वजा केल्याशिवाय तोंडातून काढला नाही. ताप असताना नाही, पावसात नाही.

म्हणजे त्यांचा आकडा बरोबर होता. ओरडलेला आकडा आणि अहवालात छापलेला आकडा यांची तशी कधी गाठ पडत नसे, मधे कचेरीत, त्या दिवशी नदी जितकी चढलेली असे तितकं पाणी त्यातून काढून टाकत. त्यामुळे आपलं ओरडणं पुढे कुठे जातं हे काठीवाल्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण चार बोटं कुणीतरी खाल्ली होती, आणि खाणारा एकच असू शकत होता.

वहीवाला.

वहीवाले म्हणजे बोटीत मधल्या फळीवर बसून आकडे लिहिणारे कारकून. पंचवीस वर्षं दोघं एकाच बोटीत, पाच हातांच्या अंतरावर. त्यातली शेवटची नऊ वर्षं मुक्याने. झालं एवढंच होतं की एकदा साहेबांसमोर वहीवाल्यांनी एक आकडा तीनदा ओरडायला लावला आणि वर म्हणाले, "यांना पाचाच्या पुढे जरा अडचण होते." साहेब हसले. त्या दिवसापासून काठीवाले बोटीत आकड्यांशिवाय एक शब्द बोलले नाहीत. वहीवाल्यांनीही मग आकड्यांशिवाय काही ऐकलं नाही. दुपारी एक जण टोकाला डबा खाई, एक जण शेपटाला, मधे वही वाऱ्याने फडफडत असे.

वहीवाले सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. काठीवाले त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढले तेव्हा त्यांच्या छातीत रागापेक्षा आनंदच जास्त होता. सापडला एकदाचा, असं त्यांना वाटत होतं.

दार वहीवाल्यांच्या बायकोने उघडलं. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओल्या विजारीवर नजर थांबली.

"भाऊजी? रस्ता चुकलात की काय?"

"कामापुरता आलोय, वहिनी."

"कामापुरतेच या. बिनकामाचे एक आहेत घरात."

बिनकामाचे खिडकीशी बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढुरकी साय आली होती आणि हातात जाड भिंग होतं. भिंगाखाली वर्तमानपत्र होतं, पण उलटं. काठीवाल्यांनी ते पाहिलं आणि नोंद करून ठेवलं, पुढे कधी टोमणा मारायला.

"कोण आलंय?"

"तुमची काठी," वहिनी म्हणाल्या.

वहीवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. चेहरा मुळीच हलला नाही.

"बसा म्हणावं. अंतर ठेवून."

काठीवाले बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी खडक, साडेसात सेंटिमीटर, उद्याचा अहवाल, सगळं सांगून टाकलं. "तर माझ्या आकड्यातली चार बोटं कुठे गेली, तेवढं विचारायला आलो."

"टोपी आठवते का तुम्हाला?" वहीवाले म्हणाले.

काठीवाल्यांना हे अपेक्षित नव्हतं. "कसली टोपी?"

"काठीची. दुसऱ्या वळणाच्या पुढे, डाव्या काठापाशी गेली. साडेनऊ वाजले होते. तुम्ही काठी वर काढलीत, टोकाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि काही झालंच नाही अशा थाटात परत पाण्यात घातलीत."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"पाच हातांवर बसलो होतो. आंधळा आत्ता झालोय, तेव्हा नव्हतो."

"मग बोललात का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हे आपला दात घासायचा ब्रश दुसऱ्याच्या तोंडात पाहण्यासारखं असतं. काठीवाले हळूच खुर्चीवर बसले.

वहीवाले आता रंगात आले होते. "म्हटलं, हा गृहस्थ टोपीशिवाय मोजतोय आणि याच्या गावीही नाही. वजाबाकी करील म्हणावं, तर याला बेरीज येताना मारामार. म्हणून मीच करत गेलो. तुम्ही ओरडायचात, मी चार बोटं वजा करून लिहायचो. दिवसाला तीनशे आकडे. पाच उन्हाळे. ना साहेबाला सांगितलं, ना तुम्हाला. तुमची अब्रू झाकली मी, काठीवाले. उपकार मानायला आला असाल तर चहा टाकायला सांगतो, नाहीतर जिना तिकडे आहे."

काठीवाले आपल्या हाताकडे पाहत होते. चार बोटं जुळवून त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती.

"मी वजा करूनच ओरडत होतो," ते म्हणाले.

वहीवाल्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"आधीच वजा करत होतो. पहिल्या आकड्यापासून. वाटलं, तुम्ही काय, खाली मान घालून लिहिताय. तुम्हाला टोपी काय आणि टोक काय."

वहीवाल्यांनी भिंग उचललं आणि परत ठेवलं. मग पुन्हा उचललं. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. ते हिशेब करत होते, हे काठीवाल्यांना पंचवीस वर्षांच्या सवयीने कळलं. आठ बोटं. कमी तीन. वर एक.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "म्हणजे दोघांनी?" त्या म्हणाल्या. "एकाच टोपीचे दोनदा?"

काठीवाल्यांनी गुडघ्यावरची चार बोटं मुठीत मिटली.

"दोन बायका असत्या त्या बोटीत, तर पहिल्याच दिवशी कडाडून भांडल्या असत्या आणि दुपारपर्यंत आकडा बरोबर निघाला असता. तुम्ही आपले सभ्य लोक. पाच वर्षं सभ्यपणा केलात." त्या आत गेल्या. आतून कपबश्यांचा आवाज आला, जरुरीपेक्षा मोठा.

काठीवाल्यांना आठवलं, लाँच बंद झाल्याचा कागद आला त्या दिवशी हा माणूस बोटीत त्यांच्याकडे बघून म्हणाला होता, "वाईट झालं." त्या नऊ वर्षांत आकड्यांशिवाय बोललेले तेवढे दोनच शब्द. काठीवाल्यांना वाटलं होतं, कुत्सितपणे बोलतोय. आता कुणास ठाऊक.

"लिहा," वहीवाले अचानक म्हणाले. "त्या बाईला दोन ओळी हव्यात ना? कागद टेबलावर आहे. लिहा, 'चूक वहीची आहे.'"

"का म्हणून? काठी माझी होती."

"वही माझी होती. काठीला काय अक्कल असते?"

"तुमचं मोठेपण तुमच्यापाशी ठेवा. मी लिहितो तसं लिहितो."

"मग सांगतो तसं तरी लिहा, व्याकरण चुकेल तुमचं."

शेवटी वहीवाल्यांनी सांगितलं आणि काठीवाल्यांनी लिहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काम उलटं झालं, एक ओरडत होता आणि दुसरा लिहीत होता, फक्त उलटीकडून. मधे एकदा वहीवाले "वर्ष नीट लिहा, चार अंकी आहे," म्हणाले आणि काठीवाल्यांनी पेन रोखून त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना ते दिसलं नाही, त्यामुळे वाया गेलं.

कागदावर इतकंच आलं: काठीची टोपी हरवली. काठी धरणाऱ्याने चार बोटे वजा केली. लिहिणाऱ्यानेही चार बोटे वजा केली. दोघांनी एकमेकांना विचारले नाही.

"सही कुठे करू?" वहीवाले म्हणाले.

काठीवाल्यांनी कागदावर बोट ठेवलं. वहीवाल्यांनी चाचपडत ते बोट शोधलं, त्याच्या शेजारी पेन टेकवलं आणि सही केली. सही ओळ सोडून वर चढली, वाळूवर चढलेल्या बोटीसारखी.

चहा प्यायल्याशिवाय वहिनींनी सोडलं नाही. चहा चांगला नव्हता. काठीवाल्यांनी दुसरा कपही घेतला.

*

घरी पोचले तेव्हा उन्हं अजून ओट्यावर होती.

बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चहापत्तीची पाकिटं भरत होती. खालच्या दुकानदाराचं काम. लाँच बंद झाल्यावर तिला बसच्या अड्ड्यावर खिडकी देऊ केली होती, तिने घेतली नाही. "मी पाण्याची तिकिटं दिलीत, धुळीची देणार नाही," म्हणाली होती. खिडकी बंद झाली त्या दिवशी तिने एकच वस्तू घरी आणली, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. कुणी मागितला नाही, तिने दिला नाही. आता त्या चिमट्याने ती पाकिटांच्या तोंडाला भोकं पाडायची आणि दोरा ओवायची. बारा वर्षं घरात दुपारी तो कट-कट आवाज असे.

"विजार ओली आहे," ती मान वर न करता म्हणाली. "पाण्यात पडलात का पाणी तुमच्यावर पडलं?"

"बोट बसली होती."

"बसणारच. तुम्ही होतात ना बोटीत."

काठीवाले समोर भिंतीला टेकून बसले. नेहमी ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत. तिने एक पाकीट भरलं, चिमटा दाबला, दोरा ओवला, गाठ मारली, आणि मग मान वर केली.

"काय झालंय?"

त्यांनी बोलायला तोंड उघडलं. पंगतीत, दाढीच्या दुकानात जी गोष्ट शेकडो वेळा घडघडा सांगितली होती, तीच आता उलट बाजूने सांगायची होती आणि तिचं सुरुवातीचं टोक सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी खिशातून कागद काढला आणि पुढे केला.

तिने हात पदराला पुसले. कागद उजेडाकडे धरून वाचला. चारच वाक्यं होती, पण तिला बराच वेळ लागला. दुसऱ्यांदा वाचताना तिचं बोट ओळींखालून सरकत होतं.

"म्हणजे पाणी किती होतं?"

काठीवाल्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

"एक बोट वर?"

"हो."

"तीन बोटं कमी नव्हती?"

"नव्हती."

बाहेर जिन्यावर कुणीतरी बादली आपटत वर गेलं. बायकोने कागद मांडीवर ठेवला आणि चहापत्तीत रुतलेला चमचा काढून शेजारी ठेवला. पूर्वी वरच्या गावी तिची आई असे. लाँचने चार तासांचा रस्ता, खिडकीवालीला पास फुकट. लाँच गेल्यावर गाडीने दोनदा बदलून अख्खा दिवस लागे. आठ वर्षांपूर्वी निरोप आला, त्या वेळी ती पोचली तेव्हा आईला नेऊन झालं होतं.

"आईच्या वेळीही?" तिने विचारलं.

"तेव्हाही होतं पाणी."

ती रडेल असं त्यांना वाटलं, किंवा चहापत्तीचा डबा फेकून मारेल. दोन्हीसाठी ते तयार होते. एकतीस वर्षं जगाची कीव करणारा माणूस भिंतीला पाठ लावून आपल्या पाळीची वाट बघत होता.

ती म्हणाली, "आदल्या रात्री मी तुम्हाला एकच वाक्य बोलले होते. आठवतं?"

त्यांना आठवत होतं. मोजणीच्या आदल्या रात्री ती म्हणाली होती, 'उद्या नीट बघा हं.' लोकांनी गळ घातली, हिने घातली नाही. इतकंच म्हणाली. आणि ते वाक्य त्यांनी प्रत्येक पंगतीत आपल्या बाजूने वापरलं होतं.

"नीट बघितलं मी," ते म्हणाले. "फार नीट बघितलं."

"हो. दोघांनी."

तिने कागदाची घडी नीट केली, कोपरे जुळवले. मग चिमटा उचलला, कागदाचा वरचा कोपरा त्याच्या तोंडात धरला आणि दाबला. कट. अकरा वर्षं खिडकीत करायची तस्सं, न बघता, मनगटाच्या एका हिसक्याने. आणि कागद त्यांच्या पुढे धरला.

"अगं, हा उद्या मॅडमना द्यायचाय."

"द्या की. प्रवास झालेलं तिकीट आहे म्हणावं."

तिने पुढचं पाकीट ओढलं आणि चमचा डब्यात घातला. काठीवाल्यांनी कागद घेतला. भोकातून पलीकडची भिंत दिसत होती. त्यातून पडलेली कागदाची बारीक टिकली दोघांच्या मधे जमिनीवर पडली होती, चहापत्तीच्या चुऱ्यात पांढरी.

त्यांनी जीभ लावून एक बोट ओलं केलं, टिकलीवर टेकवलं आणि ती उचलून घेतली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून ते तसेच बोट वर धरून बसून राहिले.